कारेगावात पाऊस कमी, तरी घरात पाणी का शिरतं? पत्र्याच्या पन्हळीची सफाई कधी, कशी आणि कोणी करायची?

वळवाचा पाऊस जेमतेम वीस मिनिटं पडतो आणि थांबतो. पण खोलीच्या आत भिंतीवरून पाण्याचे ओघळ सुरूच राहतात. वर पाहिलं तर पत्रा फाटलेला नसतो, स्क्रूही जागेवर असतात. मग हे पाणी येतं कुठून?

बऱ्याचदा याचं उत्तर पत्र्याच्या कडेला लावलेल्या पन्हळीत सापडतं. वर्षभर तिच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं. आत धूळ, कडुनिंबाची पानं, पक्ष्यांच्या काड्या आणि गुटख्याच्या पुड्या यांचा थर बसलेला असतो. पाण्याला पाइपाकडे जायला वाट मिळत नाही, मग ते मिळेल त्या फटीतून घरात उतरतं.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं कारेगाव हे याचं चांगलं उदाहरण आहे. पुणे-अहिल्यानगर महामार्गावरचं हे गाव रांजणगाव एमआयडीसीला लागून आहे. कंपन्यांत कामाला आलेल्या लोकांमुळे इथे भाड्याच्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यातल्या अनेक खोल्या पत्र्याच्या आहेत. एका रांगेत आठ-दहा खोल्या, सगळ्यांवर मिळून एकच छत आणि त्या छताला एकच पन्हळ. खोली प्रत्येकाची वेगळी, पण पन्हळ सगळ्यांची. म्हणून ती साफ करायची कोणी, हा प्रश्नही आलाच.

पन्हळीची सफाई म्हणजे नेमकं काय करायचं, ती केली नाही तर काय होतं आणि ही जबाबदारी कोणाची, हे समजून घेऊया.

पन्हळ म्हणजे काय?

छताच्या कडेवरून ओघळणारं पाणी गोळा करून एका ठिकाणी खाली सोडणारी नाली म्हणजे पन्हळ. कुठे तिला पन्हाळ म्हणतात, कुठे पन्हाळी. फॅब्रिकेशनवाले सरळ 'गटर' म्हणतात. हा शब्द संस्कृतमधल्या 'प्रणाल' किंवा 'प्रणाली' या शब्दावरून आला आहे, ज्याचा अर्थ पाणी वाहून नेणारा मार्ग. आज आपण 'सिस्टीम' या अर्थाने जो 'प्रणाली' शब्द वापरतो, तोही मूळचा पाण्याच्या वाटेचाच.

पूर्वी कौलारू घरांना पन्हळ नसली तरी चालायचं. पाणी पागोळ्यांनी अंगणात पडायचं आणि अंगण मोठं असायचं. धाब्याच्या घरांना मात्र छतावरचं पाणी भिंतीपासून लांब फेकण्यासाठी पन्हळ लागायचीच, कारण भिंती मातीच्या असायच्या. आज भिंती विटांच्या झाल्या, पण अंगण गेलं. दोन घरांमध्ये तीन-चार फुटांची बोळ उरली. त्यामुळे पन्हळीची गरज कमी व्हायच्या ऐवजी वाढली.

पाऊस कमी असलेल्या गावात पन्हळ जास्त का तुंबते?

ऐकायला विचित्र वाटेल, पण कारण सोपं आहे. शिरूर तालुका सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. मुळशी किंवा मावळात पावसाळ्यात पाण्याची धार अनेक दिवस तुटत नाही. तिथे पन्हळ सतत धुतली जाते. कारेगावच्या भागात पावसाचे दिवस थोडे आणि मधले खंड मोठे. वर्षातले सात-आठ महिने पन्हळीत फक्त कोरडी धूळ साचते. महामार्गावरची धूळ, नवीन बांधकामांची वाळू आणि सिमेंट, शेतातली माती, सगळं पत्र्यावर बसतं आणि वाऱ्याने घरंगळत पन्हळीत येतं.

मग पहिली हलकी सर येते. ती कचरा वाहून नेण्याइतकी मोठी नसते, फक्त भिजवण्यापुरती असते. धुळीचा चिखल होतो. पुढचे आठ दिवस कडक ऊन पडतं आणि तो चिखल वाळून घट्ट होतो. अशा दोन-तीन सरी झाल्या की पन्हळीच्या तळाला जणू कच्चं प्लास्टर होतं. त्यानंतर खरा जोराचा पाऊस आला की पाणी वरच्या वर वाहून जातं.

या भागात पाऊस पडतो तेव्हा तो अनेकदा थोड्या वेळात खूप पडतो. मे महिन्यातला वळीव आणि सप्टेंबरमधला परतीचा पाऊस यांचा अनुभव इथे सगळ्यांना आहे. म्हणजे पन्हळीला वर्षातले मोजकेच तास काम करायचं असतं, पण त्या तासांत पूर्ण ताकदीने करायचं असतं.

किती पाणी येतं? हिशेब करून पाहा

पावसाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी जमा होतं.

समजा, दहा खोल्यांची एक रांग आहे. लांबी १०० फूट आणि पत्र्याची रुंदी १५ फूट. म्हणजे छत १,५०० चौरस फूट, जवळपास १४० चौरस मीटर. त्यावर २० मिलिमीटरची एक सर आली तर सुमारे २,८०० लिटर पाणी पडलं. गच्चीवर दिसणाऱ्या १,००० लिटरच्या काळ्या टाक्यांच्या हिशेबात जवळपास तीन टाक्या. हे सगळं पाणी अर्ध्या तासात एका पन्हळीतून आणि एक-दोन पाइपांतून खाली उतरायला हवं.

भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्याला 'जोरदार पाऊस' म्हणतात. तेवढ्या पावसात याच छतावरून ९,००० लिटर पाणी येईल, म्हणजे जवळपास एक मोठा टँकर.

आता उलट बाजू पाहा. पाइप तुंबला आणि पन्हळ काठोकाठ भरून राहिली तर? ६ इंच रुंद, ६ इंच खोल आणि १०० फूट लांब पन्हळीत सुमारे ७०० लिटर पाणी मावतं. म्हणजे ७०० किलो वजन. हे वजन पट्ट्यांच्या आणि स्क्रूंच्या जोरावर लटकत असतं. आत चिखल असेल तर वजन आणखी वाढतं. पावसाळ्यात पन्हळ मधेच वाकलेली किंवा कोसळलेली दिसते, त्यामागे अनेकदा वाऱ्यापेक्षा हे वजन असतं.

पाणी घरात नेमकं कुठून शिरतं?

तीन वाटा आहेत.

पहिली, मागच्या काठावरून. पन्हळीला दोन काठ असतात. एक भिंतीकडचा, दुसरा बाहेरचा. बाहेरचा काठ अर्धा-पाऊण इंच खाली ठेवला असेल तर तुंबलेलं पाणी बाहेर सांडतं. दोन्ही काठ सारखे असतील किंवा पन्हळ आतल्या बाजूला कललेली असेल, तर पाणी भिंतीवर सांडतं आणि पत्रा व भिंत यांच्यातल्या फटीतून आत येतं.

दुसरी, पत्र्याच्या खालून. पन्हळीतलं पाणी पत्र्याच्या टोकाच्या वर चढलं की ते पत्र्याच्या खालच्या बाजूने मागे सरकतं. आढ्याचं पाणी वळचणीला जायचं, हा नेहमीचा क्रम. तुंबलेल्या पन्हळीत वळचणीचं पाणी आत वळतं.

तिसरी, सांध्यांतून. पन्हळ आठ-दहा फुटांचे तुकडे जोडून केलेली असते. पाणी भराभर वाहून गेलं तर सांध्यातली बारीक फट त्रास देत नाही. तेच पाणी तासन् तास साचून राहिलं की तिथूनच ठिबकतं, आणि तिथेच गंजायला सुरुवात होते.

सगळ्यात वाईट अवस्था असते पाठीला पाठ लावून बांधलेल्या खोल्यांच्या दोन रांगांची. दोन्ही बाजूंचे पत्रे मधे उतरतात आणि त्यांच्यामध्ये एकच खोल पन्हळ असते. ती तुंबली तर पाण्याला बाहेर सांडायला जागाच नसते. दोन्ही बाजूंना खोल्याच असतात.

फक्त गळतीचा प्रश्न नाही

भिंतीत मुरलेली ओल पाऊस संपल्यावर लगेच जात नाही. रंगाचे पोपडे सुटतात, विटांना लोणा लागतो, कपाटामागे बुरशी येते. ओल वायरिंगच्या पाइपात किंवा स्विचबोर्डात गेली तर भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. असं झालं तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावं. 'वाळल्यावर होईल बंद' म्हणून सोडून देऊ नये.

खालचा पाइप भिंतीच्या पायथ्याशीच मोकळा सोडलेला असेल तर पाणी पायात मुरतं. काळ्या मातीच्या जमिनीत हे जास्त धोक्याचं आहे, कारण ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्याने भिंतीला तिरक्या भेगा पडतात.

आणि मग येतात डास. डेंगी पसरवणारा एडिस इजिप्ती डास साचलेल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात वाढतो. टायर, कुंड्या, कूलर यांची नावं आरोग्य खात्याच्या पत्रकात आपण वाचतो. पण डोक्यावरच्या पन्हळीत बोटभर पाणी साचलं असेल तर ते खालून दिसत नाही. या डासाची अंडी कोरड्या जागी अनेक महिने टिकतात आणि पाणी मिळालं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. पाणी आठ दिवसांच्या आत रिकामं झालं की डास तयारच होत नाही.

कारेगावसारख्या गावात यात आणखी एक गोष्ट आहे. एडिस डास दिवसा चावतो. रात्रपाळी करून आलेला कामगार दिवसा झोपतो, तेही उकाड्यामुळे दार-खिडकी उघडी ठेवून, आणि अनेकदा मच्छरदाणी न लावता. मच्छरदाणी ही रात्रीची गोष्ट, असा आपला समज असतो. ज्याची पाळी रात्रीची, त्याने मच्छरदाणी दिवसा लावली पाहिजे.

सफाई कधी करायची?

'पाऊस आला की बघू' हे उत्तर चुकीचं आहे, कारण ओल्या पत्र्यावर चढणं धोक्याचं असतं. शिवाय पाऊस तारीख पाळत नाही. २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच पुण्यात आणि मुंबईत पोहोचला. त्याच सुमारास बारामती, इंदापूर, दौंड या एरवी कोरड्या समजल्या जाणाऱ्या तालुक्यांत मुसळधार पाऊस झाला. ज्यांनी जूनच्या पहिल्या रविवारी सफाई करायचं ठरवलं होतं, त्यांना उशीर झाला.

या भागासाठी वर्षातून तीन वेळा सफाई पुरेशी आहे.

पहिली सफाई एप्रिलच्या शेवटी ते मेच्या मध्यापर्यंत. तोपर्यंत कडुनिंबाची पानगळ होऊन गेलेली असते. हीच मुख्य सफाई. १६ मे हा राष्ट्रीय डेंगी दिन असतो. तो दिवस लक्षात ठेवला तर काम वेळेत होतं.

दुसरी ऑगस्टमध्ये, पावसाने उघडीप दिली की. परतीच्या पावसाआधी पाइपाचं तोंड मोकळं आहे ना, एवढंच पाहायचं. पत्रा पूर्ण वाळल्यावरच.

तिसरी दिवाळीच्या सफाईबरोबर. पावसाळ्यात आलेला चिखल तसाच राहिला तर पुढचे सहा महिने तो पत्रा गंजवत राहतो.

शेवगा, गुलमोहर किंवा कडुनिंब छतावर आलेला असेल तर एखादी फेरी वाढवावी लागेल. या झाडांची पानं बारीक असतात, ती जाळीतूनही खाली जातात.

सफाई कशी करायची?

यासाठी महागडं सामान लागत नाही. एक मजबूत शिडी, रबरी हातमोजे, तोंडाला मास्क, जुनी प्लास्टिकची थापी किंवा कापलेल्या कॅनचा तुकडा, एक बादली, दोरी आणि पाण्याची नळी एवढं पुरतं. लोखंडी खुरपं शक्यतो वापरू नये. त्याने पत्र्यावरचा जस्ताचा थर खरवडला जातो आणि तिथेच गंज धरतो.

१. आधी कोरडा कचरा काढा. सुरुवात पाइपाच्या तोंडापासून करा आणि लांब जात राहा. उलट केलं तर कचरा ढकलत ढकलत पाइपातच जातो. पाइपाच्या तोंडात तात्पुरता कापडाचा बोळा बसवा, आणि काम झाल्यावर तो काढायला विसरू नका.

२. कचरा बादलीत भरा आणि दोरीने खाली सोडा. बोळीत किंवा शेजाऱ्याच्या दारात फेकला तर तो पहिल्या पावसात गटारात जाईल आणि रस्त्यावर पाणी तुंबेल. पानांचा आणि मातीचा भाग कुंड्यांना चालतो, प्लास्टिक वेगळं काढा.

३. हात घालण्याआधी पाहा. पन्हळीत विंचू, गांधीलमाश्यांचं पोळं, फुटलेल्या बाटलीची काच, पतंगाचा मांजा, काहीही असू शकतं. आधी काठीने हलवून बघा.

४. तळाचा घट्ट थर खरवडू नका. त्यावर पाणी टाकून अर्धा तास थांबा. मऊ झाल्यावर तो सहज निघतो.

५. बोळा काढा आणि नळीने पाणी सोडा. खाली एक जण पाइपापाशी उभा राहू द्या. वर सोडलेलं पाणी खाली त्याच जोराने येत असेल तर पाइप मोकळा आहे. थेंब थेंब येत असेल तर बहुतेक वेळा वळणावर, म्हणजे एल्बोमध्ये कचरा अडकलेला असतो. नळी खालून वर घालून पाणी सोडा. तरी नाही निघालं तर एल्बो खोलून साफ करा. वरून काठी ठोकू नका, कचरा आणखी घट्ट बसतो.

६. पाणी निचरल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. जिथे डबकं उरलं आहे, तिथे उतार बिघडला आहे. तिथे खडूने खूण करा.

आणखी एक गोष्ट. पन्हळीत किंवा भिंतीच्या फटीत वड-पिंपळाचं रोप उगवलं असेल तर ते लहान असतानाच मुळासकट काढा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं आणि चिखलात रुजतं. नुसतं वरून तोडलं तर ते पुन्हा फुटतं आणि मुळं भिंतीत शिरतात.

दुरुस्तीत काय पाहायचं?

उतार: दर १० फुटांना पाव ते अर्धा इंच उतार असावा. हिशेब केला तर १०० फूट लांबीला अडीच ते पाच इंच होतात. म्हणजे ६ इंची पन्हळीत एका टोकाला जवळपास जागाच उरत नाही. म्हणून लांब रांगेला मधे उंच आणि दोन्ही टोकांना उतार ठेवून दोन पाइप द्यावेत. उतार तपासायला गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी पुरते.

आधार: पट्ट्या ढिल्या झाल्या असतील तर कसून घ्या, तुटलेल्या बदला. पन्हळ दोन आधारांच्या मधे झोळीसारखी लोंबत असेल तर तिथे एक पट्टी वाढवा.

भोकं आणि सांधे: लहान भोक बुजवताना आधी गंज घासून काढा, जागा पूर्ण वाळू द्या, मगच सिलिकॉन सीलंट किंवा एम-सील लावा. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर लावलेलं काहीही टिकत नाही. हाताच्या पंजाएवढा भाग गंजून गेला असेल तर ठिगळ लावत बसण्यापेक्षा तो तुकडा बदललेला स्वस्त पडतो. पत्र्याच्या स्क्रूखालचे रबरी वायसर उन्हाने तडकतात, तेही याच वेळी बघून घ्या.

जाळी: पाइपाच्या तोंडावर घुमटासारखी जाळी बसवणं चांगलं. पूर्ण पन्हळीवर जाळी टाकली तर मोठी पानं अडतात, पण धूळ अडत नाही. जाळी बसवल्यावर सफाई थांबवली तर दोन वर्षांनी जाळी उचलून तोच चिखल काढावा लागतो.

शेवट: पाइपाचं खालचं तोंड भिंतीपासून किमान चार-पाच फूट लांब न्या, किंवा गटारात, शोषखड्ड्यात किंवा टाकीत सोडा.

चढण्याआधी हे वाचा

या कामात पन्हळीपेक्षा माणूस महत्त्वाचा. दहा-बारा फुटांवरून पडूनही जीव जातो.

सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवू नका. तो वरून मजबूत दिसतो, पण जुना झाला की अचानक तुटतो. चढावंच लागलं तर खालच्या लोखंडी आधाराच्या रेषेत फळी टाकून तिच्यावरूनच जा. शक्यतो सगळं काम शिडीवरूनच करा. या जुन्या पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि त्यांनी कर्करोग होऊ शकतो. त्यामुळे असा पत्रा कोरडा घासू नका, त्यावर जोराच्या प्रेशरचं पाणी मारू नका. कचरा आधी भिजवा, मग हलक्या हाताने काढा.

शिडीचं माप लक्षात ठेवा: चार फूट उंचीला एक फूट अंतर. १२ फुटांवर टेकवायची असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून ३ फूट लांब. शिडी पन्हळीला टेकवू नका, भिंतीला टेकवा. खाली एक माणूस शिडी धरून उभा हवा. वाकून लांबवर हात घालण्यापेक्षा खाली उतरून शिडी सरकवा.

सगळ्यात आधी वीज पाहा. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर अनेक ठिकाणी पत्र्याला घासून जाते. तिथे लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची शिडी नेऊ नका. वायरचं आवरण निघालेलं दिसलं तर काम थांबवा आणि महावितरणला कळवा. वीज तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. पावसात, पत्रा ओला असताना किंवा दारू प्यायलेल्या माणसाला वर चढवू नका. पोरांना 'हलका आहे, चढ' म्हणून पाठवू नका.

मग साफ कोणी करायची, मालकाने की भाडेकरूने?

खरं भांडण इथे असतं. मालक म्हणतो, राहता तुम्ही, तुम्ही साफ करा. भाडेकरू म्हणतो, घर तुमचं, आम्ही आज आहोत, उद्या नाही. आणि पाणी उतारामुळे एकाच टोकाच्या खोलीत शिरत असेल तर बाकीच्या नऊ खोल्यांना त्याची घाई नसते.

कायदा काय सांगतो? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ म्हणतं की, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने दुरुस्ती केली नाही, तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नसावी. मात्र हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागू होतो, सरसकट प्रत्येक गावाला नाही. शिवाय लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत 'भाडेकरू' नसतो. त्यामुळे हे कलम दाखवून भाडं कापण्याआधी वकिलाला किंवा तालुका विधी सेवा समितीला विचारणं बरं.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर केला. त्यात कामांची वाटणी दिली आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती आणि पाइप बदलणं मालकाकडे, तर नाली साफ करणं भाडेकरूकडे. छताच्या पन्हळीचं नाव त्या यादीत वेगळं घेतलेलं नाही. आणि हा नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. पण वाटणी कशी करावी, हे ठरवायला त्याचा उपयोग होतो.

व्यवहारात सोपा मार्ग असा: दुरुस्ती, उतार, पाइप आणि पट्ट्या मालकाच्या. सफाईचा खर्चही मालकाने करावा किंवा तो सगळ्या खोल्यांत सारखा वाटावा. आणि हे करारात एका ओळीत लिहून ठेवावं. 'छताची पन्हळ वर्षातून तीन वेळा मालक साफ करून देईल', एवढं वाक्य पुरतं. करार नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोसह मेसेज टाका. तारीख राहते, पुढे 'मला सांगितलंच नाही' म्हणता येत नाही.

शेजाऱ्याच्या जागेत पाणी पडत असेल तर तो वेगळा विषय आहे. आपल्या पागोळ्या दुसऱ्याच्या जागेत पाडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार असा हक्क सांगायचा तर साधारणपणे सलग २० वर्षं, उघडपणे आणि विनाअडथळा तो वापर झालेला असावा लागतो. त्यासाठी कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा पन्हळीला एक वळण देऊन पाइप आपल्या बाजूला आणणं कमी खर्चाचं आहे. गावात तंटामुक्त समिती असेल तर आधी तिच्यापुढे बसून मिटवता येतं.

पन्हळ साफ असेल तर पाणी वाचवताही येतं

वर घेतलेल्या १४० चौरस मीटरच्या छतावर वर्षभरात समजा ४०० मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे ५६,००० लिटर पाणी. वाफ, सांडणं आणि पहिल्या सरी सोडून देणं धरून ८० टक्के हाती आलं, तरी सुमारे ४५,००० लिटर होतात. दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबात चार टँकरपेक्षा जास्त. ते सगळं साठवायची गरज नाही. बोअरवेलजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं तरी जमिनीत मुरतं.

यासाठी पहिल्या एक-दोन सरींचं पाणी वाहून जाऊ द्या, ते पत्रा धुऊन निघालेलं घाण पाणी असतं. नंतरचं पाणी जाळी आणि वाळू-खडीच्या गाळणीतून न्या. धुणी, फरशी, संडास आणि झाडांसाठी ते चांगलं. अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यावरचं पाणी पिण्यासाठी वापरू नका. इतर छतांचंही गाळून, उकळूनच प्या. आणि पन्हळीत चिखल असेल तर यातलं काहीच जमणार नाही. गाळणी पहिल्याच पावसात बंद पडेल.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

एप्रिल-मेमध्ये मुख्य सफाई, ऑगस्टमध्ये नजर, दिवाळीला शेवटचा हात. पाइपाच्या तोंडापासून सुरुवात, पाणी सोडून तपासणी, डबक्याच्या जागी खूण. सिमेंट पत्र्यावर पाय नाही, वायरजवळ लोखंडी शिडी नाही. पाइपाचं तोंड भिंतीपासून लांब.

दहा खोल्यांच्या रांगेची पन्हळ दोन माणसं अर्ध्या दिवसात साफ करू शकतात. मजुरी दहा जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला फार पैसे येत नाहीत. न केल्यास भिजलेली गादी, जळालेला बोर्ड किंवा तापाने बुडालेल्या पाळ्यांचा खर्च मात्र वाटला जात नाही. तो ज्याच्या खोलीत पाणी शिरतं, त्यालाच भरावा लागतो. म्हणून येत्या सुट्टीच्या दिवशी बाहेर येऊन एकदा वर बघा. पन्हळीतून गवत डोकावत असेल तर फोटो काढा आणि खोल्यांच्या ग्रुपवर टाका. कोण चढणार आणि शिडी कोण धरणार, हे त्याच दिवशी ठरवून टाका.